बैलांचा खुराक

पौषातली सकाळ. रात्रीची धुवारी अजून अल्लीपुरावरून उठली नव्हती. तुरीची शेतं, बाभळी, रस्त्याकडेचे विजेचे खांब, सगळं कुणी पातळ ताकात बुडवून ठेवल्यासारखं. असल्या थंडीत माणूस गोधडीबाहेर पाय काढायलाही मुहूर्त पाहतो. पण बंडूजी केव्हाचे कोठ्यात होते. शेण उचलून झालं होतं, जागा झाडून झाली होती, आणि पोत्याच्या तुकड्यानं पाखऱ्याचं अंग घासणं चाललं होतं. पांढराशुभ्र गवळाऊ बैल, पाठीवर करडे ठिपके. अंग घासताना तो डोळे मिटून घ्यायचा, न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसासारखा.

अंग झालं की खुराक. उडदाच्या पिठाचे गोळे, दूध, तुपाची वाटी आणि बांबूच्या नळीतून घशात सोडायची अंडी. पट, म्हणजे बैलांची शर्यत, तोंडावर आला की पळणाऱ्या बैलाचा कडबा कमी करायचा आणि खुराक वाढवायचा, ही बंडूजींच्या घरची तीन पिढ्यांची रीत. कडब्यानं पोट सुटतं. पोट सुटलेला बैल पळत नाही, डुलतो.

पाखऱ्याच्या घशात शेवटचं अंडं गेलं. मग बंडूजींनी इकडंतिकडं पाहिलं, टोपलीतलं एक अंडं दावणीच्या दगडावर टिचवलं आणि स्वतःच्या तोंडात सोडलं. त्यामागून दुसरं. मग तुपाच्या वाटीचा तळ बोटानं पुसून घेतला.

"झाला का जी दोघाइचा खुराक?" दारातून विमलाबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात काळ्या चहाचा कप होता, बिनसाखरेचा. "आता येक दावं तुमच्याबी गळ्यात बांधतो. पाखऱ्याले संगत होईन."

"तुले हासू येते," बंडूजी मिशी पुसत म्हणाले. "पन साखर उतरली का नाई? बोल ना."

विमलाबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. साखर उतरली होती, हे खरंच होतं.

दिवाळीच्या सुमारास बंडूजींना सारखी तहान लागायला लागली, तळपायाला मुंग्या यायला लागल्या. हिंगणघाटच्या माधवी डॉक्टरांनी रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा नवाच्या वर निघाला. त्यांनी गोळी लिहून दिली आणि समजावून सांगितलं. भाकरी, पोळी, भात अगदी थोडा. साखर, गूळ, बटाटा बंद. डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे खा, अंडीही चालतील. आणि जाता जाता असंही म्हणाल्या होत्या की जेवण फार कमी केलंत तर आधी मला सांगा, गोळी बदलावी लागेल.

घरी येईपर्यंत बंडूजींच्या डोक्यात दोनच गोष्टी उरल्या होत्या. भाकरी वाईट, अंडी चांगली. बाकीचं त्यांनी स्वतःच्या अकलेनं भरून काढलं. जन्म बैलांमध्ये गेलेल्या माणसाची अक्कल कुठं जाणार? मानसाची भाकर म्हंजे बैलाचा कडबा, त्यांनी विमलाबाईंना समजावलं. दोघाइनंबी पोट सुटते. आन खुराकानं बैल वाऱ्यासारखा पळते. पाखऱ्याले साखरेची बिमारी हाये का? नाई ना? मंग?

झालं. भाकरी ताटातून गेली ती गेलीच. भातही गेला. गोळाभाताच्या दिवशी ते भात बाजूला सारून नुसते डाळीचे गोळे घेत आणि त्यावर मोहरी-मिरचीच्या फोडणीचं तेल दोनदा ओतून घेत. दुधावरची साय, घरचं तूप, अंडी, शनिवारी-रविवारी मटण, तेही तर्रीसकट. गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ अगदी नेमानं.

शेजारच्या श्रावणची बायको कमला गावची आशा सेविका होती. ती आठवड्यातून एकदा बंडूजींच्या बोटाला सुई टोचून साखर पाहायची. आकडा दर वेळी खाली. मग काय, पानठेल्यावर बंडूजींचं कीर्तनच सुरू झालं. कुणाला भात सोडायला सांग, कुणाच्या हातातला आलूबोंडा काढून घे.

कमला एक-दोनदा म्हणालीही, "भाऊजी, डाक्टरीनबाईले येकदा दाखवून या. नुसत्या साखरेवर नका जाऊ. चरबीचं रगतबी पाहा लागते."

"पट झाल्यावर जाईन ना वं."

पट रविवारी होता. वडनेरच्या रस्त्यावरच्या पडीत वावरात, दरवर्षीसारखा. आणि शंकरपट म्हणजे बंडूजींचा वर्षाचा सण. त्यांचा आजा धुरकरी, बाप धुरकरी, आणि बाप खाटेला टेकल्यापासून छकडीच्या धुरेवर बसून कासरा धरायचा मान त्यांचा. शेती सगळेच करतात. पण धुरेवर बसलेला बंडूजी पाहायला लांबून अल्लीपुरात माणसं येत. पाय झिणझिणायला लागले तेव्हा साखरेपेक्षा मोठी भीती त्यांना हीच वाटली होती की आता छकडी सुटते की काय.

जोडीतला दुसरा बैल, तेज्या, श्रावणचा. काही वर्षांपूर्वी दोघांच्याही कोठ्यात एकेकच बैल होता, म्हणून दोघांनी पेरणीसाठी सावड केली. तुझा एक, माझा एक, एक दिवस तुझं वावर, एक दिवस माझं. पुढं दोघांकडंही ट्रॅक्टर भाड्यानं यायला लागला, सावड मात्र पटापुरती उरली. पाखऱ्या-तेज्याची जोडी म्हटलं की माणसं श्रावण आणि बंडू ही नावं एका दमात घ्यायची.

त्या सकाळी धुवारी उठल्यावर श्रावणच्या रिकाम्या वावरात सराव होता. पटाची हलकी छकडी जुंपली, बंडूजी धुरेवर बसले. श्रावण दुसऱ्या टोकाला, तुरीच्या बांधाजवळ उभा राहिला.

"येऊ दे!" त्यानं हात वर केला.

बंडूजींनी आरोळी दिली आणि बैल सुटले. अर्ध्या वावरापर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. कानात वारा, खाली ढेकळांचा धुरळा. मग एकाएकी त्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटला. थंडीत घाम! हात असे कापायला लागले की कासरा बोटांतून निसटत चालला. जीभ जड झाली. समोर श्रावण एकाचे दोन दिसला. थांबायची खूण आली तरी बैल थांबले नाहीत, कारण थांबवणारा शुद्धीवर नव्हता. छकडी बांध ओलांडून सरळ उभ्या तुरीत घुसली आणि तुरीच्या गचपणात बैल आपोआप अडकून उभे राहिले.

श्रावण धावत आला. बंडूजी दांडीला मिठी मारून बसले होते, चेहरा पांढरा फटक.

"बंडू! काय झालं बे?"

"साखर... साखर वाढली वाटते," बंडूजी बोबडं बोलले. "गोड नको देऊ."

कमला चहाचा थर्मास घेऊन वावरात येतच होती. तिनं बंडूजींच्या कपाळाला हात लावला, घाम पाहिला, आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांच्या तोंडाला लावला. शेतावरचा चहा, साखर घसघशीत.

"नको म्हनलं ना वं! गोड हाये ना थो!"

"गोड हाये म्हनूनच देऊन राह्यली. वाढली नाई, पार बुडाली तुमची साखर. प्या गुपचूप, नाई तं तोंड उघडून ओतीन."

ते प्याले. आणखी एक झाकण प्याले. थोड्या वेळानं जग पुन्हा एकाचं एक झालं, हात थांबले. मग ते ओशाळून हसले आणि उठायला गेले. "झालं गा. आता येक फेरी मारून घेऊ."

श्रावणनं वाकून तेज्याची जोताची दोरी सोडली.

"हे काय करून राह्यला?"

"तेज्याले घरी नेतो."

"काऊन?"

"काऊन म्हनते! तूर होती म्हनून थांबली जोडी. पटात तूर नाई राहात बंडू, मानसं राह्यते. लेकरं राह्यते." श्रावणचा आवाज वाढला नव्हता, त्यानंच तो जास्त लागला. "तू डाक्टरकडं जाऊन ये. तिनं हो म्हनलं तं रविवारी सोता आनून जुंपतो. नाई म्हनलं तं माया बैल तुया हातात नाई देत."

"माया हातात?" बंडूजींचा पारा चढला. "मी कासरा धरला तवा तुले बैलाची शेपटी कोन्या आंगाले राह्यते थे मालूम नवतं! जाय घेऊन तुया तेज्याले. वर्धा जिल्ह्यात बैलं कमी नाई पडले."

"बरं," श्रावण म्हणाला आणि निघून गेला. एकटा पाखऱ्या अर्ध्या जुवाखाली मान वाकडी करून उभा राहिला.

त्या दुपारी बंडूजींनी फोनवर दोन ठिकाणी बैल विचारून पाहिला. एकानं हसण्यावारी नेलं. दुसरा म्हणाला, पटाच्या आधी चार दिवस कोणी आपला बैल देते का जी? संध्याकाळी विमलाबाईंनी पिशवी भरली, उद्याच्या बसची वेळ सांगितली आणि ताटात वाटीभर वरण ठेवून म्हणाल्या, "म्या कमलाले सांगितलं हाये. सकायी उपाशीपोटी रगत द्याचं हाये."

"मले इचारलं?"

"बैलाले इचारून दवाखान्यात नेते का कोनी?"

हिंगणघाटला जाताना बंडूजींच्या मनात एकच हिशेब होता. रिपोर्ट चांगला येणार. आकडे पाहून डॉक्टरीनबाई पाठ थोपटणार. तोच कागद श्रावणच्या नाकापुढं धरायचा.

दुपारी रिपोर्ट हातात घेऊन माधवी डॉक्टर खरंच हसल्या. "काका, साखर तर कमालच केलीत. नवाच्या वर होती, सहा पॉइंट आठवर आली."

बंडूजींनी विमलाबाईंकडं पाहिलं. त्या नजरेत सगळं अल्लीपूर होतं.

डॉक्टरांची नजर खालच्या ओळीवर गेली आणि हसू थांबलं. "हे काय पण? वाईट कोलेस्टेरॉल दिवाळीत एकशे अठरा होतं. आज एकशे ब्याण्णव. काय खाता तुम्ही?"

"भाकर बंद केली जी. तुमीच सांगतली."

"ती बंद केली. सुरू काय केलं?"

बंडूजी छताकडं पाहायला लागले. विमलाबाई मात्र तयारच होत्या. "बैलाचा खुराक खाऊन राह्यले मॅडम. पाखऱ्याले येक अंडं, याइले येक. त्याची तुपाची वाटी हे पुसते. गोळाभातातला भात मले, गोळे आन तेल याइले."

डॉक्टर आधी खळखळून हसल्या. मग पेन खाली ठेवलं. "काका, माझे मामा पटातलेच आहेत. पाखऱ्याला खुराक का देता, मला माहीत आहे. पण तो खुराक खाऊन बैल काय करतो? पळतो. आणि पटाचा बैल किती वर्षं पळवता तुम्ही?"

"चांगला असला तं आठ-नऊ वर्सं."

"त्याच्या रक्तवाहिन्या आठ-नऊ वर्षं टिकल्या की तुमचं काम भागलं. तुमच्या तीस वर्षं टिकायला पाहिजेत."

हे गणित बैलाच्या भाषेत सांगितल्यामुळं बंडूजींच्या आत कुठंतरी जाऊन बसलं.

"पीठ कमी केलंत, ते चांगलंच केलंत," त्या म्हणाल्या. "त्यानंच साखर उतरली. चुकलं ते तूप, साय आणि तेलात. भाकरीच्या जागी सगळं तूपच गेलं. सगळ्यांचंच असं वाढत नाही, काहींचं फार वाढतं. तुम्ही त्यातले. आता डाळ खा, वांगी खा, मेथी-पालक खा, जवसाची चटणी खा. ज्वारीची एक भाकरी जेवताना घ्या, तिला घाबरू नका. तूप चमच्यानं, वाटीनं नाही." मग त्यांनी कालच्या चक्कर येण्याबद्दल खोदून विचारलं. जेवणात पीठ नाही आणि गोळी पूर्ण, म्हणून साखर बुडाली. गोळी त्यांनी निम्मी केली. "मी सांगितलं होतं ना, आधी मला विचारा?"

"सांगतलं होतं जी," बंडूजी हळू आवाजात म्हणाले. आणि मग ज्यासाठी आले होते ते विचारलं. "रविवारी पट हाये मॅडम. धुरेवर..."

"नाही."

"येकच फेरी."

"काका, महिनाभर नाही. गोळीचा आणि जेवणाचा मेळ बसू दे, पुन्हा रक्त पाहू. तुम्ही एकटे पडलात तर मी समजू शकते. पण छकडी गर्दीत गेली तर?"

शेवटचं वाक्य श्रावणचंच होतं. दोन वेगळ्या माणसांनी तेच सांगितलं की नाही म्हणायला जागा उरत नाही. परतीच्या बसमध्ये विमलाबाईंनी खिडकीजवळची जागा त्यांना दिली आणि वाटभर एकही टोमणा मारला नाही. तेच बंडूजींना सगळ्यात अवघड गेलं.

घरी न जाता ते थेट श्रावणच्या अंगणात गेले. श्रावण तेज्याला पाणी दाखवत होता.

"नाई म्हनली," बंडूजी म्हणाले.

श्रावणनं बादली खाली ठेवली. "बस."

"बसत नाई. जोडी घरी नाई राह्यली पाह्यजे. पाखऱ्यानं काय बिघडवलं कोनाचं? धुरकरी पाहा लागन."

"कोन हाये आता? वडनेरचा कैलास मोकळा हाये म्हनते. पन..."

'पन'च्या पुढं काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी पटात कैलासला हरवल्यावर बंडूजी भर गर्दीत ओरडले होते, कैलास, तू बैल सोड, म्हशी हाकत जाय! माणसं पोट धरून हसली होती. तेव्हापासून कैलास समोर आला की रस्त्याच्या पलीकडून जायचा.

"मीच जातो इचाराले," बंडूजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी श्रावणच्या मोटरसायकलवर मागं बसून ते वडनेरला गेले. कैलास अंगणात कापसाच्या ढिगावर बसून मोबाइल पाहत होता. त्यानं दोघांना बसा म्हटलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाला, "म्हशी हाकनाऱ्याच्या हातात कासरा देता का बंडूजी?"

"देतो."

"मंग थेच मानसाइसमोर सांगान काय?"

श्रावण पुढं होऊन काही बोलणार होता. बंडूजींनी त्याचा हात दाबला. "सांगीन. पटात माइकवर सांगीन. पन पाखऱ्याचं येक सांगून ठेवतो, त्याले शेपटी पिरगाळलेली चालत नाई. आरोळी दे, थो आरोळीवर पळते."

कैलासनं त्यांच्याकडं पाहिलं. मोबाइल खिशात ठेवला. "माइकचं राहू द्या," तो म्हणाला. "आरोळी कशी देता थे शिकवा."

रविवारी पडीत वावरात जत्रा उसळली. भजी, फुगे, उसाची मोळी, भोंगे. बंडूजी दोरीला टेकून उभे राहिले, गळ्यातला दुपट्टा दोन्ही हातांनी पिळत. लोक विचारत, काऊन जी, आज खाली? आणि ते सांगत, महिनाभर सुट्टी हाये. पाखऱ्या-तेज्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांना वाटलं, पाखऱ्या अडणार. परका हात ओळखणार, मान वळवून आपल्याला शोधणार. सगळ्यांसमोर ते घडलं तर वाईट वाटेल असं ते स्वतःशी म्हणत होते, आणि मनातून तेच घडावं अशी वाटही पाहत होते.

तसं काही झालं नाही. कैलासनं आरोळी दिली आणि पाखऱ्या असा सुटला की धुरळ्यात फक्त शिंगं दिसली. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. पहिली फेरी जोडीनं जिंकली. पुढच्या फेरीत आर्वीकडची एक जोडी थोडक्यात सरस ठरली. हरून आलेला पाखऱ्या मात्र मजेत होता. बंडूजींनी त्याच्या गळ्याला हात घातला तर तो त्यांच्या खिशात काही खायला आहे का ते हुंगू लागला.

"लय लागलं का?" श्रावणनं विचारलं.

"लागलं ना गा. वाटलं होतं, नवरी सासरी जाताना जशी रडते तसा थोडासा तरी अडन." बंडूजी नाक ओढत हसले. "बेइमान हाये लेकाचा."

"तू असता तं आर्वीवाले मागं राह्यले असते."

"मी असतो तं तुरीत असतो."

श्रावण इतका हसला की त्याला ठसका लागला. मग दोघांनी वावराच्या कडेला बसून डबा उघडला. विमलाबाईंनी एक ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी दिली होती. बंडूजींनी कितीतरी दिवसांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि सावकाश चावला, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा.

माघात पुन्हा रक्त दिलं. साखर किंचित वर सरकली होती, पण डॉक्टर म्हणाल्या, हरकत नाही. वाईट कोलेस्टेरॉल उतरलं होतं, पण हवं तेवढं नाही. त्याची एक छोटी गोळी सुरू झाली. "तुमच्या अंगाचा तो स्वभावच आहे काका, नुसत्या जेवणानं पुरतं ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. धुरेचं विचारलं तर म्हणाल्या, उन्हाळ्यातल्या पटाच्या आधी आणखी एकदा पाहू, मग ठरवू. बंडूजींनी आढेवेढे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "सरावाले नुसतं उभं राह्यलं तं चालते ना?"

"उभं राहा, ओरडा, शिव्या द्या. बसू नका."

त्या दिवशी बसमधून उतरून ते पानठेल्यावर थांबले. एकानं विचारलं, काय जी बंडूजी, काय खावं, काय सोडावं, सांगा ना. बंडूजींनी हात जोडले. "माया सांगन्यावर नको जाऊ बाप्पा," ते म्हणाले. "माया रगताचं मले आता कोठं समजून राह्यलं. तुया रगताचं तू पाह्य."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "लाईन आली गा!" दिवसाची वीज आठवड्यातून चारच दिवस यायची, ती आली की मोटारी सुरू करायला गावभर पळापळ. बंडूजींनी पिशवी तिथंच पानठेल्याच्या बाकावर ठेवली, घरी पोहोचवून देजो म्हणाले, आणि धोतर खोचून हरभऱ्याच्या वावराकडं निघाले. मोटारीचं बटन दाबलं. विहिरीतून पाणी खळखळत वर आलं. त्यांनी फावडं उचललं, पाण्याच्या दांडाचं तोंड फोडलं आणि पहिल्या वाफ्यात पाणी वळवलं.